आर्तॉस : नव्या करारातली भाकर मूळ ग्रीकमधून वाचताना

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' मराठी ख्रिस्ती घरांत ही ओळ मुलं अक्षरओळख होण्याआधीच पाठ म्हणतात. तिच्यातल्या 'भाकर' या शब्दामागे मूळ ग्रीक मजकुरात एक छोटं नाम उभं आहे : आर्तॉस. या लेखात त्या एकाच नामाची सगळी रूपं आणि सगळे अर्थ आपण क्रमाने बघणार आहोत. त्यासाठी ग्रीक यायची गरज नाही. शाळेत घोकलेला 'स-ला-ते, स-ला-ना-ते' हा विभक्तीचा तक्ता अंधुक आठवत असला तरी पुरे.

ग्रीक शिकायला बसलेले बरेच जण 'लॉगॉस' या शब्दापासून सुरुवात करतात, कारण योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळच त्याच्यावर उभी आहे. मला तो मार्ग पटत नाही. लॉगॉस म्हणजे शब्द, विचार, हिशेब, तत्त्व. नवा माणूस या अर्थांत इतका गुंतून जातो की रूपं शिकायची राहूनच जातात. भाकर हातात धरता येते, मोजता येते, मोडता येते. तिची रूपं आधी बसली की लॉगॉसची आपोआप बसतात, कारण दोन्ही एकाच पद्धतीने चालतात.

पहिली पायरी : शब्द ऐका आणि लिहा

आर्तॉसमध्ये पाच अक्षरं आहेत : आल्फा, रो, ताउ, ओमिक्रॉन, सिग्मा. 'रो' हे अक्षर रोमन 'पी'सारखं दिसतं, पण त्याचा उच्चार 'र' आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची इथे गफलत होते. ताउ आपल्या 'त'सारखा दाताला जीभ लावून म्हणायचा, 'ट' नाही. इंग्रजीतून ग्रीक शिकलेले लोक 'आर्टोस' म्हणतात; मराठी माणसाने तसं म्हणायचं कारण नाही, आपल्याकडे 'त' आहे.

ग्रीकमध्ये 'ओ' दोन आहेत. ओमिक्रॉन म्हणजे शब्दशः 'लहान ओ' आणि ओमेगा म्हणजे 'मोठा ओ'. देवनागरीत हा फरक दाखवायला मी लहान ओसाठी 'ॉ' आणि मोठ्या ओसाठी 'ो' वापरतो आहे. ही केवळ लिहिण्याची सोय आहे, पण ती मनात पक्की ठेवा, कारण पुढे 'आर्तॉन' आणि 'आर्तोन' हे दोन वेगळे शब्द येतात आणि त्यांच्यात फरक फक्त या ओचा आहे. आजचे ग्रीक लोक दोन्ही 'ओ' सारखेच उच्चारतात, त्यामुळे नुसतं ऐकून हा फरक कळत नाही. डोळ्यांनीच ओळखावा लागतो.

एक गोष्ट मात्र सोपी आहे. आघात कायम पहिल्या अवयवावर, 'आर्'वर पडतो. रूप कुठलंही असो, तो जागचा हलत नाही.

दुसरी पायरी : शब्दाचं लिंग पक्कं करा

शब्दकोशात हे नाम 'आर्तॉस, -ऊ, हॉ' असं दिलेलं असतं. त्यातलं पहिलं प्रथमेचं रूप, दुसरा षष्ठीचा प्रत्यय आणि तिसरं उपपद, म्हणजे इंग्रजी 'द'सारखा नामाआधी येणारा छोटा शब्द. 'हॉ' हे पुल्लिंगी उपपद आहे, म्हणजे ग्रीकमध्ये भाकर पुल्लिंगी आहे. आपल्याकडे ती भाकर, ग्रीकांकडे 'तो आर्तॉस'. हे आत्ता क्षुल्लक वाटेल. पण योहानाच्या सहाव्या अध्यायात पोचल्यावर याच लिंगापाशी मी तुम्हांला थांबवणार आहे.

तिसरी पायरी : तक्ता उपपदासकट पाठ करा

नुसतं नाम पाठ करू नका, उपपद जोडून म्हणा. बहुतेक ठिकाणी दोघांचे शेवट यमकासारखे जुळतात आणि जिभेवर बसतात.

एकवचन
प्रथमा : हॉ आर्तॉस
द्वितीया : तॉन आर्तॉन
षष्ठी : तू आर्तू
चतुर्थी : तो आर्तो
संबोधन : आर्ते

अनेकवचन
प्रथमा : हॉइ आर्तॉइ
द्वितीया : तूस आर्तूस
षष्ठी : तोन आर्तोन
चतुर्थी : तॉइस आर्तॉइस

'आर्ते' हे संबोधन नव्या करारात कुठेही येत नाही. भाकरीला कोणी हाक मारत नाही. ते फक्त तक्ता पूर्ण करायला लिहिलं आहे. 'आर्तो' या चतुर्थीच्या रूपात ओमेगाच्या खाली एक बारीकशी रेघ असते. तिचा उच्चार होत नाही, पण छापील पानावर ती दिसली की चतुर्थी ओळखायची.

ज्यांनी संस्कृत केलं आहे त्यांना हे रूपांचं कुटुंब ओळखीचं वाटेल. देवः, देवम्, देवैः यांच्याशेजारी आर्तॉस, आर्तॉन, आर्तॉइस ठेवून बघा. दोन्ही भाषा एकाच मुळाच्या आहेत, त्यामुळे अकारान्त पुल्लिंगी नामांच्या शेवटांत हे साम्य उरलं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्यांचं निधन झालं आणि ते भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झालं. संस्कृत त्यांच्या तोंडात लहानपणापासून खेळवलेली होती. हा तक्ता पहिल्यांदा पाहताना त्यांना किती घरच्यासारखं वाटलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

चौथी पायरी : प्रत्येक रूप वाक्यात बघा

तक्ता पाठ झाला की लगेच वाक्यं घ्या. इथे एक गोष्ट सांभाळायची. ग्रीकमध्ये विभक्ती कमी आहेत, म्हणून एकेक विभक्ती आपल्या दोन-तीन विभक्तींचं काम करते.

द्वितीया घेऊ. प्रभूच्या प्रार्थनेत, मत्तय 6:11 मध्ये (मत्तयाचं शुभवर्तमान, सहावा अध्याय, अकरावं वचन), ओळ अशी आहे : 'तॉन आर्तॉन हेमोन तॉन एपिऊसिऑन दॉस हेमीन सेमेरॉन.' 'दॉस' म्हणजे दे. काय दे, तर 'तॉन आर्तॉन', भाकर. ते कर्म आहे म्हणून द्वितीया. मराठीत निर्जीव कर्माला आपण 'ला' लावत नाही, 'भाकर दे' एवढंच म्हणतो, त्यामुळे भाकर कर्म आहे हे शब्दाच्या रूपावरून दिसत नाही. ग्रीकमध्ये ते 'न'वरून दिसतं. आणि कर्म वाक्याच्या सुरुवातीला ठेवायची ग्रीक धाटणी मराठी भाषांतरातही जशीच्या तशी आली आहे : 'आमची रोजची भाकर...' आधी भाकर, मग दे. मराठीला त्यासाठी वाकावं लागत नाही.

षष्ठी बघा. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य यरुशलेमेला परत येऊन सांगतात की येशू आम्हांला ओळखू आला तो 'एन ते क्लासेइ तू आर्तू', भाकरीच्या मोडण्यात (लूक 24:35). 'तू आर्तू' म्हणजे भाकरीच्या. 'क्लासेइ'मागचं 'क्लाओ' हे क्रियापद, मोडणे, नव्या करारात फक्त भाकरीसाठीच येतं. दुसरं काहीही या क्रियापदाने मोडलं जात नाही. आपण भाकरी कापत नाही, मोडतो. म्हणून 'भाकर मोडणे' हे भाषांतर मराठी कानाला मुळीच परकं वाटत नाही.

अनेकवचनी षष्ठीचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण उधळ्या पुत्राच्या गोष्टीत आहे. डुकरं राखणारा तो मुलगा मनाशी म्हणतो, माझ्या बापाच्या किती मोलकऱ्यांना भाकरीची रेलचेल आहे (लूक 15:17). तिथे ग्रीकमध्ये नुसतं 'आर्तोन' आहे. ग्रीकमध्ये 'भरपूर असणे' या क्रियापदाला इथे षष्ठी लागते. मराठीतही आपण 'भाकरीची' रेलचेल म्हणतो, तीच षष्ठी.

चतुर्थीत मात्र थोडं थांबावं लागतं. मत्तय 4:4 मध्ये येशू जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन सांगतो : 'ऊक एप आर्तो मॉनो झेसेताय हॉ आन्थ्रोपॉस.' मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही. ग्रीक रूप चतुर्थीचं, मराठी प्रत्यय तृतीयेचा 'ने'. 'एपि' या शब्दयोगी अव्ययासोबत चतुर्थी आली की 'वर', 'च्या आधारावर' असा अर्थ होतो, म्हणजे भाकरीच्या आधारावर जगणं. इथे 'ने' हेच योग्य भाषांतर आहे. 'भाकरीला जगणार नाही' असं कोणी लिहिलं, तर समजायचं की तक्ता पाठ आहे, वाक्य कळलेलं नाही. अनेकवचनात मार्क 6:52 बघा : 'एपि तॉइस आर्तॉइस'. शिष्यांना भाकरींच्या बाबतीत काहीच उमगलं नव्हतं. इथे तीच विभक्ती आपल्याकडे 'च्या बाबतीत' होते.

पाचवी पायरी : एक भाकर की अनेक

मराठीत भाकरी मोजता येतात आणि ग्रीकमध्येही. मोहाच्या प्रसंगी सैतान मत्तयात म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी होवोत : 'आर्तॉइ गेनोन्ताय'. लूकमध्ये तो एकाच धोंड्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, याची भाकर होवो : 'गेनेताय आर्तॉस' (लूक 4:3). प्रसंग तोच, पण मत्तयाच्या डोळ्यांसमोर धोंड्यांनी भरलेलं रान आहे आणि लूकच्या डोळ्यांसमोर उपाशी माणसाच्या हातात मावेल एवढा एक दगड. भाषांतर घाईत वाचलं तर हे नजरेतून सुटतं. रूप ओळखणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

एकवचन-अनेकवचन बघायची सवय लागली की योहानाचा सहावा अध्याय उघडा. या एका अध्यायात आर्तॉस 21 वेळा येतो. संपूर्ण नव्या करारात तो 97 वेळा आहे, म्हणजे पाचांत एकाहून अधिक इथेच. सुरुवातीला पाच हजार लोकांच्या जेवणाची गोष्ट आहे. फिलिप्प म्हणतो, दोनशे दिनारांच्या भाकरीही यांना पुरणार नाहीत. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तिथे 'आर्तॉइ' ही अनेकवचनी प्रथमा आहे, कारण 'पुरणार नाहीत' या क्रियापदाच्या कर्ताच भाकरी आहेत. आंद्रिया सांगतो, इथे एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे आहेत : 'पेन्ते आर्तूस'. शेवटी पाच भाकरींच्या उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरतात : 'पेन्ते आर्तोन'.

दुसऱ्या दिवशी येशू लोकांना सांगतो, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. 26 व्या वचनातलं हे 'आर्तोन' म्हणजे या अध्यायातलं शेवटचं अनेकवचन. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत एकदाही अनेकवचन येत नाही. मोजायच्या भाकरी संपतात आणि एक भाकर उरते : 'एगो एइमी हॉ आर्तॉस तेस झोएस', मी जीवनाची भाकर आहे (6:35). अख्ख्या प्रवचनाचा कल या एका वचनबदलात आहे. तो भाषांतरातही दिसतो, पण ग्रीकमध्ये शब्दाच्या शेपटाकडे बघितलं की बोट ठेवून दाखवता येतो.

सहावी पायरी : लिंगापाशी थांबा

आता दुसऱ्या पायरीत राखून ठेवलेली गोष्ट. योहान 6:33 मध्ये येशू म्हणतो, देवाची भाकर म्हणजे 'हॉ काताबाइनोन एक तू ऊरानू', स्वर्गातून उतरणारा. 'हॉ काताबाइनोन' हे पुल्लिंगी धातुसाधित आहे. आर्तॉसही पुल्लिंगी. त्यामुळे वाक्याचे दोन अर्थ होतात : जी भाकर उतरते ती, किंवा जो पुरुष उतरतो तो. ग्रीक ऐकणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात.

लोक त्यातला पहिला अर्थ ऐकतात आणि पुढच्याच वचनात म्हणतात, प्रभू, ही भाकर आम्हांला नेहमी द्या. त्यांना पोटाची भाकर कळली आहे. त्यानंतरच्या वचनात येशू सांगतो, मीच ती भाकर. या संवादाची सगळी जादू त्या एका दुहेरी रूपात आहे.

मराठीत भाकर स्त्रीलिंगी. त्यामुळे भाषांतरकाराला निवड करावीच लागते. 'जी उतरते ती' असं लिहिलं तर पुरुष दिसेनासा होतो, 'जो उतरतो तो' असं लिहिलं तर लोक पुढच्या वचनात भाकर का मागतात हेच कळत नाही. यात भाषांतरकाराचा दोष नाही. आपल्या भाषेच्या लिंगव्यवस्थेने तिथे दरवाजा बंद केला आहे आणि ग्रीकच्या लिंगव्यवस्थेने तो उघडा ठेवला आहे. एक नाम मूळ भाषेत शिकायला एवढं एक वचनसुद्धा पुरेसं कारण आहे.

उलट, शेवटच्या भोजनात आपली भाषा ग्रीकच्या अगदी जवळ जाते. मत्तय 26:26 मध्ये येशू भाकर घेतो आणि म्हणतो, 'तूतॉ एस्तिन तॉ सोमा मू', हे माझं शरीर आहे. 'तूतॉ' म्हणजे 'हे', नपुंसकलिंगी. आर्तॉस पुल्लिंगी असून 'हा' का नाही, असं अनेकजण विचारतात आणि त्यावरून मोठमोठे सिद्धान्तही मांडतात. मराठी वाचकाला हा प्रश्न पडायलाच नको. आपण हातात भाकर, स्त्रीलिंगी, धरून 'हे माझं शरीर आहे' असंच म्हणतो, 'ही माझं शरीर आहे' असं नाही. दर्शक सर्वनाम पुढच्या नामाच्या लिंगाकडे ओढलं जातं. ग्रीकमध्ये 'सोमा', शरीर, नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'तूतॉ'. या रूपावर याहून जास्त भार टाकू नका.

सातवी पायरी : अर्थ मोजून घ्या

शब्दकोशात आर्तॉसपुढे अर्थांची यादी असते. तिच्यातला मनाला आवडलेला अर्थ उचलून वाक्यात बसवू नका. वाक्य काय म्हणतंय ते आधी बघा.

पहिला अर्थ, मोजता येणारी भाकर. मध्यरात्री मित्राचं दार ठोठावून तीन भाकरी उसन्या मागणाऱ्या माणसाच्या गोष्टीत 'त्रेइस आर्तूस' असतात (लूक 11:5).

दुसरा अर्थ, जेवण. मूळ हिब्रूत 'लेखेम' या शब्दाला भाकर आणि अन्न असे दोन्ही अर्थ आहेत. बेथलेहेम या गावाच्या नावातही तोच शब्द आहे, 'भाकरीचं घर'. हिब्रू शास्त्रवचनांचं जे जुनं ग्रीक भाषांतर झालं, त्यात लेखेमसाठी आर्तॉस घेतला गेला आणि त्याच्यासोबत 'अन्न' हा अर्थही ग्रीकमध्ये आला. उत्पत्ति 3:19 मध्ये आदाम निढळाच्या घामाने भाकर खाईल असं म्हटलं आहे, तिथे आर्तॉसच आहे. म्हणून मार्क 3:20 मध्ये गर्दीमुळे त्यांना 'भाकर खायलाही' सवड मिळाली नाही, याचा अर्थ जेवायलाही सवड मिळाली नाही. आपल्या गावाकडेही 'भाकर खाल्ली का?' म्हणजे जेवलात का. गोव्यातल्या कोंकणी प्रार्थनेत याच ओळीत 'गिरास' हा शब्द आहे, म्हणजे घास, आणि तोही अन्नाचाच अर्थ सांगतो.

तिसरा अर्थ, उपजीविका. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, आम्ही कोणाची भाकर फुकट खाल्ली नाही, आणि काम न करणाऱ्यांना सांगतो, तुम्ही स्वतःची भाकर खा (2 थेस्सल. 3:8, 12). मराठीत 'भाकरीचा प्रश्न' म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणायचं असतं, इथे समजावून सांगायची गरजच नाही.

चौथा, पवित्रस्थानातल्या समर्पित भाकरी, 'हॉइ आर्तॉइ तेस प्रॉथेसेओस'. लेवीय 24 मध्ये त्या बारा आहेत, सहा-सहाच्या दोन रांगांत, दर शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, नव्याने मांडायच्या. दावीदाने याच खाल्ल्या होत्या, आणि मत्तय 12:4 मध्ये येशू त्या प्रसंगाची आठवण करून देतो.

पाचवा, स्वर्गातली भाकर, म्हणजे रानात इस्राएल लोकांना खायला मिळालेला मान्ना, आणि मग योहानात स्वतः येशू. आणि सहावा, प्रभुभोजनातली भाकर. 1 करिंथ. 10:17 मध्ये पौल म्हणतो, 'हेइस आर्तॉस, हेन सोमा', एक भाकर, एक शरीर. सगळे त्या एकाच भाकरीचे भागीदार. त्या काळी भाकरी सगळ्यांनी मोडून वाटून खायची होती, हे डोळ्यांसमोर आणलं तरच हे वाक्य नीट उमगतं.

आठवी पायरी : दोन खड्डे

पहिला खड्डा, शब्दाच्या मुळावरून अर्थ काढणे. 1054 च्या सुमारास पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये प्रभुभोजनातल्या बेखमीर भाकरीवरून मोठा वाद झाला. ग्रीक बाजूचे काही लोक म्हणत, आर्तॉस हा शब्द 'उचलणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, म्हणजे आर्तॉस म्हणजे फुगलेली, खमीर घातलेली भाकरच. युक्तिवाद ऐकायला छान वाटतो. पण ग्रीक जुन्या करारात निर्गम 29:2 उघडा. तिथे 'आर्तूस आझुमूस' आहे, बेखमीर भाकरी. म्हणजे आर्तॉस खमिराचा असू शकतो आणि बेखमीरही. शब्दाचा अर्थ तो वापरला कसा जातो यावर ठरतो, मुळावर नाही. 'भाकर'च्या व्युत्पत्तीवरून ती ज्वारीची की बाजरीची हे ठरत नाही, तसंच हे.

धान्याच्या बाबतीतही सावध राहा. जुन्या ग्रीकमध्ये आर्तॉस बहुधा गव्हाचा असे. जवाच्या पोळीला 'माझा' हा वेगळा शब्द होता. योहान 6:9 मध्ये त्या मुलाच्या भाकरी जवाच्या आहेत हे सांगायला 'क्रिथिनूस' हे विशेषण मुद्दाम जोडलं आहे. बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत हे विशेषण नाही. आणि ग्रीक जुन्या करारात 2 राजे 4:42 मध्ये अलीशाकडे जवाच्याच वीस भाकरी आणल्या जातात आणि त्यांतून शंभर माणसं जेवतात. विशेषणाचा हा एक धागा ओढला की योहानाला कुठली जुनी गोष्ट आठवत होती ते समोर येतं.

दुसरा खड्डा, 'एपिऊसिऑन' हे विशेषण. ज्याला आपण 'रोजची' म्हणतो तो शब्द मत्तय 6:11 आणि लूक 11:3 या दोनच ठिकाणी येतो. ओरिगेन हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती विद्वान स्वतः ग्रीक बोलणारा. त्याचंही म्हणणं होतं की हा शब्द शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने लूकमध्ये 'रोजची' असं लिहिलं आणि मत्तयात अगदी वेगळा, 'पलीकडची' असा अर्थ सुचवणारा शब्द घेतला. उद्याची, आवश्यक तेवढी, रोजची असे अर्थ अभ्यासक देतात. आर्तॉस मात्र इथे साधी द्वितीया आहे, तिच्याबद्दल वाद नाही. एखाद्या वाक्यात एक शब्द कठीण आणि दुसरा सोपा असतो तेव्हा सोप्यालाही कठीण समजून बसू नका.

नववी पायरी : स्वतः करून बघा

नेटवर मोफत साधनं आहेत. बायबल हब आणि स्टेप बायबल या दोन्ही ठिकाणी प्रत्येक ग्रीक शब्दाखाली त्याचं रूप दिलेलं असतं. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या यादीत आर्तॉसचा क्रमांक 740 आहे. तो टाकला की सगळी वचनं एकत्र मिळतात. रूपासाठी वापरलेली संकेताक्षरं मात्र सगळीकडे सारखी नसतात. एका ठिकाणी 'एन-एएमएस' असतं, दुसऱ्या ठिकाणी 'एन-एएसएम'. अर्थ एकच : नाम, द्वितीया, पुल्लिंग, एकवचन, फक्त लिंग आणि वचनाची जागा बदललेली. माझ्या पहिल्या वहीत या अदलाबदलीमुळे निम्मी उत्तरं चुकली होती.

आता कागद घ्या आणि योहानाच्या सहाव्या अध्यायातले 21 आर्तॉस शोधा. आधी साधन बंद ठेवून, नुसत्या शेपटावरून विभक्ती आणि वचन लिहा, मग ताडून बघा. उत्तरं अशी यायला हवीत. एकवचनी प्रथमा 8 वेळा (33, 35, 41, 48, 50, 51 मध्ये दोनदा, 58). एकवचनी द्वितीया 6 वेळा (23, 31, 32 मध्ये दोनदा, 34, 58). एकवचनी षष्ठी एकदाच, 51 मध्ये. अनेकवचनी प्रथमा एकदा, 7 मध्ये. अनेकवचनी द्वितीया 3 वेळा (5, 9, 11). अनेकवचनी षष्ठी दोनदा, 13 आणि 26 मध्ये. चतुर्थी या अध्यायात नाहीच. 13 मध्ये कोणी द्वितीया लिहिली असेल तर तिथला ओ पुन्हा बघा, तो मोठा आहे.

हे जमलं की हाच तक्ता थेऑस, कॉस्मॉस, ऊरानॉस, आन्थ्रोपॉस आणि लॉगॉस यांना लावून बघा. शेवट तेच आहेत, काहींत आघाताची जागा तेवढी वेगळी असते. आणि शेवटचं गृहकार्य म्हणून योहान 21 घ्या. सकाळी शिष्य किनाऱ्याला लागतात तेव्हा 9 व्या वचनात कोळशाचा विस्तव, त्यावर मासा आणि 'आर्तॉन'. उपपद नाही, विस्तवाजवळ भाकर आहे, एवढंच दिसतं. 13 व्या वचनात येशू जवळ येतो आणि 'तॉन आर्तॉन' घेऊन त्यांना देतो. आता उपपद आलं आहे : ती, मघाशी दिसलेली भाकर.